भूत-अणू

ओलोमोउत्सला, नदीकाठच्या आमच्या इमारतीत
सकाळचे सव्वासात.
रात्रभरचं गणित अजून रांगेत ताटकळतंय
आणि तळघरातला तुझा हेलियमचा पंप
तीन महिने झाले, गप्प.

व्रातिस्लाव,
तुझ्या टेबलाच्या खणात
त्वारूझ्कीचं अर्धं पाकीट निघालं.
वासावरूनच कळलं म्हणे, खण कुणाचा ते.

मी तेव्हा दोन रेणूंपाशी बसले होते.
एकीकडे ब्रोमीन, समोर अमोनिया,
मध्ये तीन अँगस्ट्रॉम मोकळी हवा.
हवा कसली, काहीच नाही.
लोकांना वाटतं ब्रोमीन चहूबाजूंनी ऋण.
तसं नसतं. बंधाच्या बरोबर पाठीमागे
त्याच्या अंगावर एक उघडा ठिपका राहतो, धन,
आणि समोरच्याची एकटी जोडी
नेमकी तिकडेच तोंड करते.
सामायिक म्हणावं असं फारसं काही नाही.
तरी लांब ढकलायचं तर किंमत पडते.

किती, यावर आपण एकोणीस वर्षं भांडलो.
गोठलेल्या आर्गॉनमधली तुझी रेघ सांगे
त्याहून माझा बंध कायम थोडा घट्ट.
"कागदावर तुझे रेणू अंमळ जास्तच चिकटतात,"
तू दारातून म्हणायचास. आत कधी आला नाहीस.
"तुझ्या बर्फात घाण आहे," मी म्हणायचे.

पोरांना दरवर्षी शिकवते:
जवळ आलेले रेणू एकमेकांचं उसनं वापरतात,
म्हणून आकडा फुगतो.
तेव्हा प्रत्येकाला एकेकटं मोजा,
पण दुसऱ्याची जागा पुसू नका.
केंद्रक शून्य, इलेक्ट्रॉन शून्य,
नुसती जागा राहू द्या.
यांना भूत-अणू म्हणतात.
दर वर्षी कुणीतरी हसतंच.

यंदा योहान्का हसली. मग म्हणाली,
"पण मग तो एकटा कुठे राहिला, मॅडम?"
मी फळा पुसायला घेतला.

नऊला आकडे आले. दुरुस्त्या सगळ्या करून झाल्या,
तरी शून्य पूर्णांक तीन उरतातच.
तेवढेच, नेहमीचे.
योहान्का तक्ता जुळवत होती.
नव्या सातही जोड्यांपुढे 'प्रयोग' हा रकाना कोरा.
"काढून टाकू? पानावर मावेल."
राहू दे, म्हटलं.

आणि बर्फात खरंच घाण होती का,
ते आता कोण बघणार.