अंडं क्रमांक दोनशे चौदा

पहाटे पाच चाळीस. कुंपणाच्या जाळीवर दव.
पत्र्याखाली स्टोव्हवर कॉफी ठेवून
मी नोंदवहीत आजची तारीख टाकते.
झऱ्याची वाफ पायांशी घोटाळते;
सुलावेसीच्या या कोपऱ्यात जमीन आतून तापते,
खाली कुणी रांधत बसल्यासारखी.

मालेओ येतात ते जोडीनंच.
फांदीवरून धप्पकन उतरतात,
उडणं जिवावर आल्यासारखे.
डोक्यावर काळं शिरस्त्राण,
पोटाला पेरूच्या गराचा गुलाबी रंग.
आधी तो उकरतो, मग ती.
मग तो.
रेती मागे फेकत, मधेच थांबून
चोच आत खुपसून ऊब बघत.
नाही पटली तर अर्ध्या तासाचं काम टाकून
चार पावलांवर पुन्हा पहिल्यापासून.

हातभर खोल गेल्यावर ती आत बसते.
तो झाडीकडे तोंड करून उभा.

एकच अंडं.
तिच्या अंगाच्या मानानं एवढं मोठं
की आईला पहिल्यांदा दाखवलं
तेव्हा तिचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला.
मग बुजवणं. बाजूला दोन-चार खोटे खड्डे
घोरपडीला चकवायला.
आणि मग जातात.
त्या अंड्याकडे परत कधीच फिरकत नाहीत.

माझ्या बापानं, जुमाइन मोकोदोंपितनं,
सव्वीस वर्षं या रेतीत हात घातले.
टोक तासलेली बांबूची काठी.
हलकेच रुतवायची, हाताला भुसभुशीत लागलं की थांबायचं.
खोट्या खड्ड्यानं तो कधी फसला नाही.
दुमोगाच्या बाजारात लग्नघरं आगाऊ पैसे देत,
तो एकेक अंडं केळीच्या पानात गुंडाळून नेई.
माझी शाळेची फी, माझी सायकल,
इर्फानच्या सुंतेचं जेवण
इथूनच निघालं.
उद्यान बघायला आलेल्यांना मी हे सांगत नाही.

ते विचारतात, पिल्लांना भरवतं कोण?
कुणी नाही.
साठ-सत्तर दिवसांनी ती अंधारात फुटतात,
पायांनी डोक्यावरचं छत खरवडत
दीड-दोन दिवस वर येत राहतात.
बाहेर आली की थोडी धाप.
मग उडतात. त्याच दिवशी.
जकार्ताची एक बाई हे ऐकून रडायलाच लागली.
मी तिला पाणी दिलं. दुसरं काही सुचलं नाही.

रमजानच्या आधी नदी चढली,
काठावरच्या खुणेच्या काठ्या सगळ्या वाहून गेल्या.
खाली अंडी कुठं, कुणालाच सांगता येईना.
बाप कुंपणाबाहेर बसला होता.
त्याला आत यायची बंदी नाही,
तरी तो बाहेरच बसतो.
म्हणाला, काठी आण.
घरातून आणली. अजून तीच होती, चुलीमागे.
गुडघे दुखत होते, तरी तो ओणवा होऊन सरकत राहिला.
इथं नाही. इथं नाही.
इथं.

अकरा अंडी निघाली.
शेवटचं मी काट्यावर ठेवलं, दोनशे तीस ग्रॅम.
त्यानं सवयीनं भाव सांगितला.
मग बराच वेळ नुसता हात पुसत राहिला.

दोनशे चौदा आज निघालं.
मी कॉफी गाळत होते.
जाळीचा एक कोपरा उचकटलेला,
रेतीत मुठीएवढं भोक, कडेला ओलसर माती,
दूर धनेश ओरडत होता, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

वहीत उड्डाणाच्या रकान्यात वेळ लिहायची असते.
मी लिहिलं: पाहिलं नाही.
संध्याकाळी बापाला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, जाळी नीट बांध,
आणि काठी घरी नको नेऊस,
इथंच राहू दे.