बियाणाची भेंडी

परसात ऊन किती वेळ टिकतं
ते मी खडूने लिहून ठेवलं.
न्हाणीच्या भिंतीपासून माडाच्या आळ्यापर्यंत
दर तासाला एक रेघ.
शाळेच्या हापिसात एकतीस वर्षं हजेरीपट भरले,
हाताची खोड जात नाही.
घनश्याम म्हणाला, "उन्हाचीसुद्धा हजेरी?"
म्हटलं, सगळ्यांत उशिरा येतं ते,
आणि न सांगता घरी जातं.

वाफे चार.
मनात भाज्या एकोणीस.

म्हापशाच्या शुक्रवारातून आणलेली पाकिटं
मी पत्त्यांसारखी मांडली, एकेक पालथं घातलं.
फ्लॉवर: चित्रात ढगाएवढा,
आमच्या दिवाडीत गेल्या साली सुपारीएवढा.
पालथा.
गाजर पालथं. ब्रोकोली कुणी आणली होती?
नवलकोल राहू दे,
नदीवरून पहाटे जरा गार वारा आला
की फुगून बसतो बापडा, थंडी पडली समजून.
मुळा हवा. अळसांदे कुंपणाला.
तांबड्या भाजीला तर विचारायचंच नसतं,
ती घरचीच.

शिगमा सरला की विहीर मचूळ होते.
त्याआधी जे ताटात येईल त्याला जागा.
एवढा एक नियम मी पाळते,
तोही पाण्याच्या धाकाने.

तांबडीचं बी राखेत कालवून
चिमटीने सोडलं, रांगोळी सोडावी तसं.
दुपारी पाहते तर मुंग्यांची वरात चाललेली.
आठवड्याने वाफ्यात टक्कल
आणि धुण्याच्या दगडापर्यंत
लालचुटुक रेघ उगवलेली,
जिथे जिथे एकेकीला ओझं झालं तिथे तिथे.
ती रेघ मी मोडली नाही.
मोराने मोडली.
पुतणीने त्याचा फोटो काढला.
मी केरसुणी घेऊन धावले,
फोटोत तीही आली आहे.

चौथा वाफा भेंडीचा, सात शिरांची,
हातभर लांब, चिरली की चक्र पडतं.
पौषात केवड्याने पानं पिवळी पडत गेली,
एकेक झाड उपटून जाळलं.
एकच राहिलं, कोपऱ्यातलं, हिरवंगार.
त्याच्या सगळ्यांत देखण्या भेंडीला
लाल दोरा बांधला:
ही खायची नाही.
ही वाळेल, तडकेल, खुळखुळेल.

रविवारी घनश्यामचे मामा आले सावईहून.
खतखत्याच्या पहिल्या घासाला म्हणाले,
भेंडी काय सुरेख, लोण्यासारखी.
मी घनश्यामकडे पाहिलं.
तो म्हणाला, दोरा होता खरा,
मला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून.

मामांना मी अजून एक डाव वाढला.
मग मोरीत उभी राहून
बराच वेळ एकच पातेलं घासलं.

पुढच्या सोमवारी तेही झाड पिवळं.

संध्याकाळी इज्मेनियाकडे गेले.
ती मासळीच्या आमटीला वाटण काढत होती,
हात न धुताच मान हलवून म्हणाली,
फळीवर बघ, आल्तारच्या बाजूला.
खोकल्याच्या औषधाची बाटली,
आत राख, राखेत बी.
चिठ्ठीवर माझंच अक्षर:
भेंडी, सात शिरा, तीन वर्षांमागची तारीख.
"तुझेंच गो तें," ती म्हणाली,
"म्हाका दिल्लें, विसरलें तूं?"
विसरले होते.
हजेरीपटात नाव घालणारी मी,
दिल्याची नोंद कुठेच नव्हती.

तेवीस दाणे. तिथेच पायरीवर मोजले.
बारा पदरात घेतले,
अकरा परत राखेत घालून
बाटली तिच्याच फळीवर ठेवली.
माझ्या घरात भेंडी चांगली उगवते,
टिकत नाही.

उद्या सकाळच्या फेरीबोटीने
घनश्यामला पणजीला नेते आहे,
चष्म्याचा नंबर काढायला.