डावी बाजू

पहिली फियाट. सेलूच्या झंवर शेठजींकडून घेतली,
तीन वर्षं जिनिंगच्या शेडमध्ये उभी असलेली.
सीटच्या फटीतून सरकी निघायची
आणि काच खाली केली की कापसाचा एखादा पुंजका
माझ्या मिशीवर येऊन बसायचा.
रंग कुठला, ते सांगता येणार नाही.
प्रयाग म्हणायची दुधी, मी म्हणायचो राखी,
आरटीओच्या पुस्तकात तिसराच.

येलदरीच्या चढाला ती उकळायची.
मी बॉनेट उघडून उभा राहायचो,
अडलेल्या म्हशीपाशी उभा राहतो तसा,
बाह्या वर, तोंडातून शब्द नाही.
गुरांचा डॉक्टर मी. लोक आवाजावरून ओळखायचे:
"आलं बघा खटारं, पाणी ठेवा चुलीवर."

एकदा बोरीहून परभणीला
मागच्या सीटवर वासरू आणलं, पाय मोडलेलं.
त्यानं वाटभर दाराची पट्टी चाटली.
विकताना गिऱ्हाईक त्या पट्टीवर बोट फिरवत म्हणालं,
एवढीच कशी चमकती?
मी म्हणालो, पॉलिश.

मग जीप. ती सरकारी, ती धरायची नाही.
तरी धरतो. अकरा वर्षं तिनं माझी कंबर धरली.

मग मारुती, पांढरी, कोरी.
सीटवरचं प्लास्टिक दोन उन्हाळे काढू दिलं नाही मी.
मांड्या चिकटायच्या, रेवती रडायची,
मी म्हणायचो, राहू दे, नवी राहती.
शेख मौला मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, बराच वेळ पाहिलं,
"साब, इसमें मेरे लायक कुछ हैच नहीं."
तरी दर ईदला गाडी त्याच्या दारात नेत राहिलो.
तो उघडायचा, बघायचा, मिटायचा,
मग शिरखुर्मा.
मौला गेला तेव्हा कब्रस्तानापर्यंत
कुठल्या गाडीनं गेलो, आठवत नाही.
हे मला अजून खटकतं.

मधल्या एक-दोन पुसट झाल्यात.
एक डिझेलची. ओढ होती म्हणून घेतली,
ओढ वाढली म्हणून विकली.
तिचे हप्ते तेवढे तारखेसकट पाठ आहेत.

आता काचबिंदू. कडा गेल्या.
समोरचं दिसतं, बाजूचं बघायचं
तर अख्खी मान वळवावी लागते.
डोळ्यांच्या डॉक्टरनं माझ्याशी बोलता बोलता
प्रयागकडं बघितलं, आणि मी चावी टेबलावर ठेवली.
तिनं उचलली, पर्समध्ये टाकली. विचारलं नाही.
नंतर कळलं, दोन महिने ती शिकत होती
कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यावर,
बासष्टाव्या वर्षी,
भिशीला जाते म्हणून सांगून.

मी डावीकडं बसतो.
उजवा पाय अजून नसलेला ब्रेक दाबतो,
समोरून एसटी आली की हमखास.
पायाखालची चटई तिथं झिजायला लागलीय.

काल पाथरीच्या रस्त्याला मान वळवली
तर रुईच्या झुडपात एक बारव.
काळ्या पायऱ्या खाली खाली गेलेल्या,
तळाशी हिरवं पाणी, काठावर कुणाचं तरी धुणं.
म्हणालो, ही कधी खोदली?
ती हसली. तिसरा गिअर टाकला, न अडखळता.
"काय डॉक्टर, हजार येळा गेलाव इथून.
फियाट होती तवापासून बघायले मी तिला.
आता वळणावर चिंच येईल बघा,
लई पोपट असायचे तिच्यावर."

"मग काहून सांगितलं नाही?"
"सांगत होते की. तुमचे कान इंजिनाकडं."

चिंच आली.
मी मान वळवेपर्यंत मागं गेली.