अंगठा उठत नाही

काचेवर बेनिल्दानं अंगठा टेकवला.
पडद्यावर नुसता पांढुरका ढग.
मी काच पुसली, तिनं झग्याला बोट पुसलं.
पुन्हा ढग.

सव्वीस वर्षं अननस सोलतेय, म्हणाली,
बुकिदनोनच्या कारखान्यात.
हातमोजे? असतात. रस आत झिरपतो.
आपण अननस खातो, सर,
तो सोलणारीला खातो.

हातावर पोट, आणि हातच असा
गुळगुळीत, धुतलेल्या बशीसारखा.

पासपोर्टच्या नियमात एकच ओळ: महिनाभरानं या.
कारण मी सांगितलं, मला कळतं तेवढं.
वरची कातडी मेलेल्या पेशींची,
कौलांवर कौलं, रोज गळणारी;
केर काढतो त्यात आपणही असतो थोडे.
तळाशी नव्या जन्मतात
आणि वर सरकता सरकता मरतात.
पण रेषांचं मूळ तिथं नाही, बाई.
खालच्या थरात, जिथं रक्त आहे, कळ आहे,
घामाच्या गुंडाळ्या आहेत,
तिथं सरी-वरंबे पडलेत,
आईच्या पोटात असतानाच नांगरलेले.
हात कोरडा राहिला तर
तेच शेत पुन्हा वर येईल, तसंच्या तसं.

आणि त्याच्याही खाली?
चरबी, म्हटलं.
ती हसली. ती उरलीय का बघा.

मग उठता उठता, माझ्याकडे न बघता:
महिनाभर हात कोरडा ठेवायचा
म्हणजे चूल पण कोरडीच ना?

ती गेल्यावर काचेवर
मी माझा अंगठा टेकवून पाहिला.
एकही वरंबा मोडलेला नाही.