चष्मा

येर्को पाकीट दिव्याखाली धरतो,
हात लांब करून, डोळे बारीक करून.
"मुदत दिसत नाही," म्हणतो.
मी उठते, गार लादीवरून अनवाणी.
चष्मा पावाच्या डब्यावर.
बाहेर मॅजेलनच्या सामुद्रधुनीवरचा वारा
छपराचे पत्रे धरून हलवतोय.

मला तांबी आहे. नेलिदा सुईणीने बसवली.
दहा वर्षं बघायला नको, म्हणाली,
आणि हातमोजे उतरवता उतरवता:
"पण तांबी पाळणा अडवते, बाई,
रोगाला ती ओळखत नाही."
मग कागदी पिशवीत ही पाकिटं, मूठभर,
परसातली बोरं द्यावीत तशी.

पहिल्यांदा पुढे केली तेव्हा
येर्को गप्प झाला. "संशय?"
तुझ्यावर नाही रे, मी म्हटलं.
तुझ्यामागे एक आयुष्य आहे, माझ्यामागे दीड.
त्यातलं सगळं कुणी वाचलंय?

तो फेरीबोटीवर इंजिन सांभाळतो.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"बोट आम्ही एका दोरावर सोडत नाही.
वारा पडलेला असला तरी."

तपासणीचे कागद मंगळवारी येतील.
त्यानंतरचं त्यानंतर.

आता चष्मा लावून वाचतोय,
ओठ हलवत, महिना, साल.
"चालेल. अजून दोन वर्षं."
पाकिटाबद्दल म्हणाला, की आपल्याबद्दल?
मी हसते. तो दिवा मालवतो,
चष्मा काढायचं त्याच्या लक्षात नाही.
मीही सांगत नाही.