बाठ

सोडलं.
कारण विचारू नका. देवाला बोलले नव्हते, डॉक्टरनेही सांगितलं नव्हतं.
एका मंगळवारी इसवणाच्या तुकड्यांना हळद लावताना
हात तिथेच थांबला आणि पुढे गेला नाही.
तुकडे नवऱ्याने तळले. मीठ जास्त झालं.
खाल्ले त्याने, काही बोलला नाही.

मग शोध सुरू झाला.
नीरफणसाचे काप, रव्यात घोळवून, कडा करकरीत:
डोळे मिटले तर दोन घास माशाचे,
तिसऱ्या घासाला फणसच.
सोयाचे गोळे शागोतीच्या वाटपात उकळले.
खसखस, दगडफूल, काळपट भाजलेलं खोबरं,
कशात हात आखडला नाही.
गोळे रस पिऊन फुगून बसले,
लग्नात जेवायला आलेले आणि
कुणाकडचे ते न सांगणारे पाहुणे.

अळंबी मिळाली चतुर्थीच्या आधी, सांग्याच्या रस्त्यावर,
सागाच्या पानात बांधलेली. किंमत ऐकून
मी पुडा परत बांधायला सांगितला,
चार पावलं गेले, पुन्हा उघडायला लावला.
ती मात्र कशाच्या बदल्यात नव्हती, स्वतःचीच होती.
पण अळंबी वर्षातून पंधरा दिवस,
आणि दुपारी एक तर रोज वाजतो.

मांजर पहिल्या आठवड्यात रुसलं.
दुसऱ्यात सोयाचा एक गोळा पंजाने ढकलत ढकलत
न्हाणीपर्यंत नेऊन तिथे सोडला.
तिसऱ्यात ते फुर्तादांकडे राहायला गेलं.

चव मी जमवली होती. तिरफळं तीच, सोलं तीच,
हुमणाचा रंगही थेट तोच.
तरी जेवण दहा मिनिटांत संपायचं
आणि मी ताटावरून उठायची ती
काहीतरी विसरल्यासारखी.
बांगडा खाताना माणूस गप्प असतो.
जीभ सुईत दोरा ओवल्यासारखी चालते,
बोटं चाचपत जातात, काटा, काटा, मांस, काटा,
आणि ताटाच्या कडेला उरतो सांगाडा,
कुणीतरी इथे लक्ष देऊन बसलं होतं त्याचा.
आता माझं ताट धुतल्यासारखं.
कुणी जेवलंच नाही जणू.

कुडचडेच्या बाजारात आपोलीनच्या समोरून
मी मान खाली घालून जायची.
वीस वर्षं तिने माझे बांगडे
पाटीखाली वेगळे झाकून ठेवले होते.
शेवटी तिनेच हाक मारली,
"बाये, उधारी तर नाही ना तुझी? मग पळतेस कशाला?"
सांगितलं. वाटलं, हसेल.
तिने कोयता पाण्यात बुडवला, पदराला पुसला.
"वारा सुटला की आमचा बापूय होडी काढत नसे.
आई मग आंबाडे घालायची. उडीद, मेथी, सगळं तेच,
बांगड्याच्या जागी आंबाडे.
चोखायला तरी काही हवं ना, म्हणायची."

आंबाड्याची बाठ पाहिली आहे तुम्ही?
राठ, धाग्याधाग्यांची,
कुणी अर्धवट विणून सोडलेली.
गर थोडा, आणि तोही सुखासुखी देत नाही.
दात लावावा लागतो, मग जीभ, मग ओठ.
मेथीचा कडवटपणा त्या धाग्यांत दडून बसतो,
तो एकेक सोडवायचा:
आंबट, तिखट, गूळ, पुन्हा आंबट.
नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आपल्या ताटातली सुंगटं बाजूला सारली
आणि माझ्या वाटीतला एक आंबाडा उचलला.
पाऊण तास. कुणी बोललं नाही.
सात बाठी माझ्या कडेला, दोन त्याच्या.

मासा आठवला नाही, असं म्हणणार नाही.
बाठीगणिक आठवला.

संध्याकाळी मागच्या दारी मांजर आलं.
बाठी हुंगल्या, एक पंजाने फिरवली, चाटली,
आणि फुर्तादांच्या कुंपणाकडे निघून गेलं,
जरा सावकाश.