केसाएवढं अंतर

देजॉनमधलं तळघरातलं गेमिंग कॅफे, पहाटेचे चार.
बेक सोरा दोन कीबोर्ड शेजारी ठेवते,
दोन्ही वीतभर, उजवीकडचे आकडे छाटलेले.

जुना मेकॅनिकल.
आत तांब्याची पाती पातीला भिडते,
टक्.
दोन मिलिमीटर खाली गेल्याशिवाय
तो काही ऐकूनच घेत नाही.
डब्ल्यूचं अक्षर झिजून गेलंय,
फटीत कधीचा रामेनचा मसाला.

नवा चुंबकाचा.
त्याच्यात कशाला काही शिवत नाही.
चुंबक नुसता जवळ येतो
आणि त्याला कळतं.
किती जवळ, ते आपण ठरवायचं.
सोरानं ठरवलं: केसाएवढं.

पहिले दोन डाव तिनं सहज मारले.
तिसऱ्यात भिंतीआड दबा धरून,
बोट नुसतं टेकलेलं,
जावं की न जावं,
तेवढ्यात ती बाहेर पडलेली होती.
गोळी कपाळात.

हेडफोनमधून दोह्यन हसला, "घाई कसली एवढी?"

घाई नव्हती रे. कचरत होते.
याला कचरणंही ऐकू येतं.

ती अंतर वाढवत नेते: अर्धा, एक,
दीडवर थांबते.
मग उगाचच जुन्याची एक कळ दाबते,
वायर कुठेच जोडलेली नसताना.

टक्.